शालिग्रामचं सॉफ्टवेअर

७ फेब्रुवारी २००५, सोमवार

शालिग्रामने आज पुन्हा कुणाला तरी हो म्हटलं. नाही म्हणणं त्याला जमत नाही, आणि हो म्हटलेलं निभावणं त्याहून जमत नाही. दिवसभर ‘अहो’ करून जीभ झिजते माझी. वहीत तरी नवऱ्याला नावाने बोलावीन.

सासऱ्यांच्या बियाण्याच्या दुकानावर आमचा कॉम्प्युटर क्लास आहे, तिथे डॉ. कौशल्या आल्या होत्या. चिखलीतला बायकांचा दवाखाना त्यांचा. आसपासच्या खेड्यांतल्या गरोदर बाया तिथे नाव नोंदवतात — नाव, गाव, कितवा महिना, रक्तगट. सगळं रजिस्टरांत, आणि रजिस्टरं कपाटभर. मागच्या हिवाळ्यात एक बाई अंगावरून रक्त जात असताना आणली. तिचा गट निगेटिव्ह. तसलं रक्त इथे मिळत नाही, बुलढाण्याला फोन करावा लागतो. गट रजिस्टरात लिहिलेला होता. पण ते पान सापडेपर्यंत बाई गेली. डॉक्टर हे सांगताना आवाज चढवत नाहीत. म्हणून जास्त लागतं.

“कॉम्प्युटरवर नाव टाकलं की गट दिसला पाहिजे. एवढंच हवंय मला.”

शालिग्राम खुर्चीत रेलला. “मॅडम, डेटाबेस म्हंजे माह्या हातचा मळ. मार्चच्या पयल्या हप्त्यात घ्या.”

मी मागच्या बाकावर मुलींना टायपिंग शिकवत होते. एमसीए मी केलंय. त्याच्याकडे सहा महिन्यांचं सर्टिफिकेट, तेही फ्रेम करून लावलेलं. पण पाटीवर ‘संचालक’ तो. मी ‘सौ.’

९ फेब्रुवारी, बुधवार

झालं. कुठून तरी विंडोजची चोरीची सीडी आणली आणि दवाखान्यासाठी क्लासवर आणलेल्या मशीनवर चढवली. डॉक्टर पाहायला आल्या. पहिलाच प्रश्न — याचं बिल?

“मॅडम, सारं गाव असंच वापरते.”

“उद्या सारं गाव चोरीची औषधं विकायला लागलं तर मी तीही घेऊ का?”

शालिग्राम हसला. काही सुचलं नाही की तो हसतो. लग्न ठरताना मला वाटलं होतं, मुलगा हसतमुख आहे.

मी म्हटलं, लिनक्स टाकू. फुकट मिळतं आणि राजरोस मिळतं. त्यावर चालणारा डेटाबेसही तसाच फुकट आहे, पोस्टग्रेस नावाचा. डॉक्टरांनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं.

“मी तेच म्हणून राह्यलो होतो,” शालिग्राम म्हणाला.

१२ फेब्रुवारी, शनिवार

कॉम्प्युटर मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून लिनक्स टाकलं. म्हणजे शालिग्रामने टाकलं — मुली बघत होत्या ना, मला कसं बसू देईल. पडद्यावर यादी आली, काय काय हवंय. ‘डेव्हलपमेंट’वर खूण होती, ती त्याने काढली. “आपण का डेव्हलपर हाओत? फालतू जागा खाते.” मी तोंड उघडलं आणि मिटलं. मुलींसमोर त्याची चूक काढली की रात्री जेवताना सासऱ्यांचा चेहरा बघावा लागतो.

वर शेषराव आला. हा बुलढाण्याहून मशीन जोडून विकतो आणि स्वतःला इंजिनीअर म्हणवतो. मशीनभोवती फेरी मारली, जसा बैल बघतात तसा. “फुकटची चीज कधी चालते काय, वहिनी? लोकं हसतीन.” हे मशीन त्यानेच दिलेलं. सोबतचा यूपीएस लाइट गेली की मशीनच्या आधी मरतो. लोक कोणाला हसतील ते बघू.

१४ फेब्रुवारी, सोमवार

सीडीवरचा तयार डेटाबेस निघेना. सीडीला चरा. शालिग्राम तिच्यावर चहाचा कप ठेवतो.

बसस्टँडजवळच्या कॅफेत जाऊन बसले. आमच्या लिनक्सला चालेल असा तयार डेटाबेस कुठेच नाही. मिळाला तो सोर्स — म्हणजे प्रोग्राम लिहिला तसाच, मूळ रूपात. आपल्या मशीनवर आपणच तो कंपाइल करायचा, तयार करून घ्यायचा. उतरवायला सगळी दुपार गेली, लाइन दोनदा तुटली. शेजारच्या मशीनवर दोन पोट्टे ‘चिखलीत डेटाबेसवाली बाई आली’ म्हणून खुसखुसत होते. हसा.

घरी येऊन कंपाइलला लावलं. पहिल्याच पायरीवर अडलं — कंपायलर सापडत नाही.

सापडेल कसा? तो ‘डेव्हलपमेंट’मध्येच होता, आणि शनिवारी कोणी तरी ती खूण काढली.

सांगितलं तर म्हणतो, “मंग आधीच काऊन नाही सांगतलं?”

१७ फेब्रुवारी, गुरुवार

कंपायलर घातला. मग एक लायब्ररी, म्हणजे प्रोग्रामला लागणारा तयार भाग, नाही म्हणाला. ती घातली, तर दुसरी. प्रत्येक वेळी तोच प्रकार. पडद्यावर ओळी धावतात, एका ठिकाणी थांबतात, आणि काय कमी आहे ते स्पष्ट सांगून बंद. मला हे आवडतं. या घरात कुणी असं सांगत नाही. इथे भाजीत मीठ कमी पडलं तरी तीन दिवसांनी, तेही दुसऱ्याकडून कळतं.

सासूबाई वर आल्या होत्या पापडाची परात वाळत घालायला. थोडा वेळ ओळी बघत उभ्या राहिल्या.

“काय करून राह्यली व तू?”

“दवाखान्याचं काम आहे. तयार होतंय.”

“अन् शालिग्राम?”

“ते खाली दुकानात बसलेत.”

“हाव. त्यानंच सांगतलं असन तुले कसं करायचं.”

मी हो म्हटलं. जाऊ द्या.

२१ फेब्रुवारी, सोमवार

चार दिवस एकाच खड्ड्यात. कंपाइल अर्ध्यावर येतं, लाइट जाते, यूपीएस मान टाकतो. त्याचं काही नाही. मेक नावाची आज्ञा आहे, तिला झालेलं आणि राहिलेलं कळतं. लाइट आली की राहिलेलंच करायला हवं. पण ही बया दर वेळी पहिल्यापासून सुरू करते. झालेलं पुन्हा करते, पुन्हा करते.

शेषरावला फोन लावला शालिग्रामने. मला न विचारता. निदान आलं — मदरबोर्ड खराब, बदलावा लागते. त्याच्याकडे नेमका एक आहे. असणारच.

शालिग्राम म्हणाला, “डॉक्टर मॅडमले मी सांगतो, लिनक्समध्येच खोट हाये.”

“दोन दिवस थांबा.”

“दोन दिवसांत का होणार हाये?”

माहीत नाही. पण त्याच्या तोंडून डॉक्टरांना हे जाणार असेल, तर मी जेवणार नाही पण शोधीन.

२२ फेब्रुवारी, मंगळवार

सापडलं.

पडद्यावर एक इशारा रोज येत होता, फाइलीची वेळ भविष्यातली आहे म्हणून. मी वाचत होते आणि पुढे जात होते. आज मशीनला तारीख विचारली. म्हणालं, एक जानेवारी दोन हजार.

मशीन बंद असताना घड्याळ चालू ठेवायला आत नाण्याएवढा सेल असतो. तो मेलाय. लाइट गेली की घड्याळ पाच वर्षं मागे. मग जी फाइल आत्ता तयार झाली तिच्यावर दोन हजार सालची तारीख पडते, आणि जिच्यापासून ती केली ती मूळ फाइल गेल्या वर्षीची. मेक दोन तारखा बघते. केलेली वस्तू मूळ मालापेक्षा जुनी कशी? मग पुन्हा कर. तिचं काही चुकत नव्हतं. ती खोट्या तारखेवर खरं वागत होती.

घड्याळवाल्याकडून सेल आणला. बसवायला एक मिनिट. शेषरावचा मदरबोर्ड त्याच्याच दुकानात राहिला.

शालिग्रामला समजावून सांगायला गेले. अर्ध्यातच म्हणाला, “म्हंजे घड्याळाचा सेल. मले वाटलंच होतं.” आणि खाली जाऊन गिऱ्हाइकाला सांगितलं — मशीनचं घड्याळ बंद होतं, मी पकडलं. उन्हाळी भुईमुगाचं बियाणं घ्यायला आलेला माणूस मान हलवत होता.

मला राग येत नाही आता. मुंगी साखर नेते तसं बघते मी त्याच्याकडे. नेऊ दे.

२४ फेब्रुवारी, गुरुवार

दुपारी झालं. शेवटी साधीच ओळ आली — सगळं नीट तयार झालं, आता बसवा, अशा अर्थाची. क्लास रिकामा होता. कुणाला सांगावं? उठून खिडकी उघडली. समोर ट्रॅक्टरवाला पोती उतरवत होता. त्यालाच सांगावंसं वाटलं, खरंच.

सोबतच्या चाचण्या लावल्या. एकूण एक पास.

एमसीएच्या निकालानंतर एवढं हलकं पहिल्यांदा वाटलं.

१ मार्च, मंगळवार

मशीन दवाखान्यात हलवलं, त्यावर नाव शोधायचा छोटा प्रोग्राम मी लिहिला. रोज तिथे जाते, नोंदी भरायला. झुंबरबाई नर्स रजिस्टर वाचतात, मी टाइप करते. शालिग्रामचा हुकूम — सगळं इंग्रजी अक्षरांत, म्हणजे ‘भारी’ दिसते. म्हणून एकाच नावाचं स्पेलिंग तीन तऱ्हेचं. झुंबरबाई म्हणतात, “रुख्मिणी लिहा की रुक्मिणी, बाई तर तेच हाये ना?” त्यांना कळतं, मशीनला कळत नाही. म्हणून शोधायची दुसरी सोय केली — नावाचं पहिलं अक्षर आणि गाव, एवढ्यावर यादी निघते.

३ मार्च, गुरुवार

उद्या उद्घाटन. म्हटलं, नाव कसं शोधायचं ते एकदा बघून घ्या, तुम्हीच बसणार आहात खुर्चीवर.

“मले माहीत हाये.”

“पूर्ण नावाने सापडलं नाही तर—”

“अन्नपूर्णा. मले माहीत हाये म्हटलं ना.”

बरं.

सांगते काय, मनातून मला वाटतंय की तो उद्या तोंडावर पडावा. सगळ्यांसमोर. नारळ फुटल्याबरोबर.

५ मार्च, शनिवार

काल लिहिणं झालं नाही. 

नारळ झाला. सासऱ्यांनी फेटा बांधला होता — हिंमतराव, कृषी केंद्रवाले, आता कॉम्प्युटरवाल्याचे वडील. पुढच्या रांगेत गावातले मोठे लोक, शेषरावसुद्धा. शालिग्राम उभा राहून बोलला. “हे जे सॉफ्टवेअर मी तयार केलं...” जगाच्या कोपऱ्याकोपऱ्यातल्या माणसांनी वर्षानुवर्षं खपून ते लिहिलं. मी ते या मशीनवर उभं केलं. त्याने चहाचा कप ठेवला. टाळ्या त्याला. मी भिंतीला लागून झुंबरबाईंजवळ उभी होते, हातात पेढ्यांचं ताट.

तेवढ्यात दारात जीप थांबली. उंद्री गावची. आतून एका बाईला चादरीत धरून उतरवलं. चादर लाल झाली होती. सोबतच्या म्हातारीला धड बोलता येईना. “रुख्मिणी... रुख्मिणी हाये हो, इथंच नाव हाये तिचं...” बाईला आत नेलं. डॉक्टर आतूनच ओरडल्या, “गट बघा!”

सगळे शालिग्रामकडे वळले.

गट तर पुन्हा तपासतातच. पण तपासून व्हायच्या आत बुलढाण्याला फोन गेला पाहिजे, तिथून गाडी निघाली पाहिजे. हे सगळं त्याच्याच समोर डॉक्टरांनी सांगितलं होतं.

त्याने नाव टाइप केलं. एका बोटाने. ‘नोंद नाही’ आलं. पुन्हा केलं. नोंद नाही. तो हसला.

 आदल्या दिवशी मला तेच हवं होतं ना — त्याने तोंडावर पडावं. पडला होता. आणि आत बाई कण्हत होती.

“नोंद नसन तिची,” तो म्हणाला. “लोकं नाव टाकतच नाहीत, मॅडम.”

“हाये हो, हाये,” म्हातारी म्हणाली. “मी सोता आली होती संगं.”

मी ताट खाली ठेवलं. “सरका.”

अहो नाही, जरा नाही. नुसतं सरका. त्याला कळलंच नाही मी कुणाला म्हणतेय. मी खुर्चीची पाठ धरून ओढली, तो उठला. पहिलं अक्षर, गाव उंद्री. यादी आली. चौथी ओळ. ओ निगेटिव्ह.

मी मोठ्याने वाचलं. झुंबरबाई फोनकडे धावल्या.  या वेळी टाळ्या नाहीत. मी वळून पाहिलं तेव्हा शालिग्रामच्या गळ्यात अजून हार होता आणि तो माझ्याकडे नाही, पडद्याकडे बघत होता.

रक्त वेळेवर आलं. संध्याकाळी डॉक्टर बाहेर आल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हात धुवायला गेल्या. बाई वाचली. मुलगीही.

घरी सासरे बसलेच होते. “नवऱ्याले चारचौघांत खुर्चीवरून उठवतेस? शेषराव हसून राह्यला होता. लोकायनं हसावं म्हून शिकवलं काय तुले तुह्या बापानं?”

“बाई मेली असती, बाबा.”

“बाया मरत नाहीत काय?”

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात होत्या. म्हणाल्या, “असं बोलू नये.” एवढंच. पण त्यांनी सासऱ्यांना असं म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

आणि शालिग्राम? बाप सुनेला बोलतोय आणि हा पायातला बूट काढतोय. एक लेस सोडायला किती वेळ लागतो माणसाला. शब्द नाही. माझ्या बाजूने नाही, बापाच्या बाजूनेही नाही. थुंकावंसं वाटलं.

६ मार्च, रविवार

सकाळी उठून गेला. कुठे, सांगितलं नाही. दुकानही उघडलं नाही त्याने, सासऱ्यांनी उघडलं. जाताना माझ्याकडे बघणंही टाळलं.

डॉक्टरांनी निरोप पाठवला — महिन्यातले काही दिवस दवाखान्यात काम करशील का, रीतसर. बाकीच्या दवाखान्यांनीही विचारलंय. सासरे म्हणाले, विचार नवऱ्याला. नवरा आहे कुठे, तेवढं आधी सांगा.

७ मार्च, सोमवार

कळलं. मोताळ्याहून माझ्या बाबांचा फोन आला. जावई तिथे आलेत. माझ्या माहेरी!

म्हणजे गाऱ्हाणं घेऊन गेला. तोंड माझ्यासमोर उघडत नाही आणि माझ्या बापासमोर जाऊन बसला — तुमच्या मुलीने माझी इज्जत घालवली म्हणून. बाबांचा आवाज फोनवर वेगळाच होता. विचारलं काय म्हणतायत, तर म्हणाले, “येतील, मग बोला तुम्ही दोघं.” मधेच आई काही तरी हलवत होती, खडखड ऐकू येत होती.

किती खाली जावं माणसाने. चार वर्षं मी याची प्रत्येक चूक झाकली. कंपायलरची झाकली, सीडीची झाकली, घड्याळाचा शोध त्याच्या नावावर जाऊ दिला. एकदा, एकदाच झाकली नाही, तर हा एसटी पकडून माझ्या बापाच्या दारात.

आल्यावर सांगून टाकीन. डॉक्टरांचं काम घेतेय, आणि दवाखान्यामागची खोली मिळते का तेही विचारीन. सामान किती आहे माझं? एक सूटकेस.

८ मार्च, मंगळवार

महाशिवरात्र. उपास. क्लास चालू ठेवला होता, परीक्षा जवळ आहेत.

दुपारी जिन्यावर दणदण झाली. शालिग्राम वर आला, डोक्यावर माझी पत्र्याची ट्रंक. कॉलेजची पुस्तकं भरून ठेवलेली. लग्नात ‘जागा नाही’ म्हणून माहेरीच राहिली होती ती. एसटीच्या टपावरून आणली. खाली ठेवली, शर्टाने तोंड पुसलं. संचालकाच्या खुर्चीकडे गेलाच नाही. मुलींमधून वाट काढत पहिल्या बाकावर जाऊन बसला. बाक त्याला लहान पडतो, गुडघे वर आले. हातात ट्रंकेतलं एक पुस्तक, पहिल्या वर्षाचं.

“मले काहीच येत नाही, अन्नपूर्णा. पयल्यापासून सांग. हळू सांग.”

मागे मुलींचं टायपिंग थांबलं. दारात सासरे, ट्रंकेच्या आवाजाने वर आलेले. शालिग्रामने वळून पाहिलं त्यांना. उठला नाही.

मी खडू घेऊन फळ्याकडे वळले. पहिली ओळ मोठ्या अक्षरांत लिहिली, हळूहळू.